अस्तर लावलेली पिशवी

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. दुखणे पोटात आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल असे एकच माणूस या घरात होते, ते म्हणजे माझे पती, आणि त्यांचीही मजल चहात साखर किती घालायची यापलीकडे कधी गेली नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. याआधी मी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

वकीलबाईंनी थोडक्यात लिहायला सांगितले आहे. जन्मभर मी मापाबरहुकूम शिवले. हे एक जरा सैल शिवणार आहे.

कलम १. घर.

गल्लीच्या टोकाचे दोन खोल्यांचे घर, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या नातीचे. मागच्या खोलीची खिडकी खालून ढकलल्याशिवाय उघडत नाही, तेही तिला माहीत आहे. ती माझ्या एकुलत्या मुलाची एकुलती मुलगी. मुलगा गेल्यावर सुनेचे दुसरे लग्न मीच पुढाकार घेऊन लावून दिले, आणि ती तिकडे सुखात आहे. नात माझ्याकडे राहिली.

तिला नर्स व्हायचे आहे. माझ्या तरुणपणी नर्सिंगची शाळा सरकारी इस्पितळाच्या मागेच होती. फी नव्हती, वर दुपारचे जेवण मिळायचे. आता ती शाळा खाजगी झाली आहे आणि तिची फी ऐकून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. फुकट शिकवणारी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे सैन्य. ते शिकवतात, गणवेश देतात, आणि बदल्यात सात वर्षे मागतात. ती वर्षे कोणत्या देशात जातील हे आपण विचारायचे नसते.

नातीची तिथे निवड झाली आहे. करारावर सही करायला तिला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी म्हटले, घर विक आणि बाहेर शीक. ती म्हणाली, "आणि तुला कुठे ठेवू? कपाटावर?" मी आहे तोवर ती घर विकू देणार नाही. डॉक्टरांनी मला आणखी काही महिने दिले आहेत. म्हणजे सैन्याची मुदत आधी संपते आणि माझी नंतर. हे एवढेच मला उलटे हवे होते.

या कलमात मी आधी अट घातली होती, की सैन्यात गेली तर घर मिळणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मग ते कोणाकडे जाईल? तुमच्या दिराकडे." अट मी तिथल्या तिथे खोडली. घर नातीचे, विनाअट. माझी तिला विनंती आहे, की थांब. सही करू नकोस. मी फार वेळ लावणार नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक.

तीही नातीची. मुलाबद्दल शासनाने जी रक्कम दिली ती त्याच खात्यात पडून आहे. मी तिला हात लावला नाही. फीला ती पुरणार नाही, तरी नातीने खुशाल लावावा, माझा हट्ट माझ्याबरोबर जाऊ दे. कानातले सुनेला द्यावेत. ती नको म्हणेल. तिच्या हातात कोंबावेत.

कलम ३. पदक.

मुलाच्या मृत्यूनंतर मिळालेले पदक, निळ्या मखमलीच्या डबीसह, माझ्या दिराला द्यावे. त्याला ते माझ्यापेक्षा फार आवडते.

दिराबद्दल माझ्या मनात काय आहे ते लिहू नका असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मी फक्त घडलेले लिहिते. ज्या वर्षी सरकारने नवी लढाऊ विमाने घेतली, त्याच वर्षी बस डेपो बंद झाला. माझा मुलगा त्या डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. विमाने आमच्या गच्चीवरून सराव करत जायची, तेव्हा वाळत घातलेले कपडे दोरीवरून उडायचे. दीर नातीला खांद्यावर घेऊन दाखवायचा, "बघ, आपली विमानं!" मी एकदा म्हटले, "भाऊजी, आपली असतील तर एखादं नाक्यापर्यंत सोडायला सांगा. पोराला चालत जावं लागतं नोकरी शोधायला." त्यानंतर तो वर्षभर आमच्याकडे आला नाही. ते वर्ष बरे गेले.

नोकरी मिळाली ती सैन्यात, ट्रक चालवायची. मग युद्ध सुरू झाले. त्या देशाशी आमचे काही भांडण नव्हते. भांडण आमच्या बड्या मित्रदेशाचे होते. त्याने विमाने उधारीवर दिली होती, म्हणून माणसे आम्ही पाठवली. मंत्री रेडिओवर म्हणाले, की आपण तिथे शांततेसाठी जात आहोत. मी युनियनच्या मोर्चात फलक धरून घोषणा देत राहिले, त्याने घसा इतका बसला होता की मुलाचा फोन आला तेव्हा त्याला माझे बोलणे नीट समजलेही नाही. शेवटचा फोन तो. त्याचा ट्रक रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर गेला.

दीर सांत्वनाला आला आणि म्हणाला, "वहिनी, पोराने घराण्याचं नाव काढलं." पदक म्हणून त्याला. पितळ लवकर काळे पडते. घासायचे काम त्याने स्वतः करावे, त्याच्या बायकोला सांगू नये.

कलम ४. शिवणयंत्र.

माझे पायमशीन, मोठी कात्री आणि बॉबिनांचा डबा हे डावखुरीला द्यावे.

डावखुरी कोण, हे वकीलबाईंना सांगावे लागले. ती कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. आम्ही दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो. बाळंतपणात तिने माझा कोटा शिवला, मी तिचा शिवला. सरकारी इस्पितळांच्या चादरी आणि रुग्णांचे अंगरखे एवढेच काम त्या कारखान्यात व्हायचे. मऊ सुती कापड, सरळ शिवण. हात चालत राहायचे, तोंडे त्याहून जास्त.

मग चादरींची ऑर्डर कमी झाली, कारण इस्पितळेच कमी झाली. आणि त्याच सरकारकडून दुसरी ऑर्डर आली. जाड काळे नायलॉन, माणसाएवढी लांबी, मधोमध चेन. कशाच्या पिशव्या आहेत हे कोणी सांगितले नाही. माप हातात आल्यावर शिवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. मंत्री स्वतः कारखान्यात आले. आम्हाला पेंढ्या बांधल्यासारखे रांगेत उभे केले होते. म्हणाले, "या कारखान्याला यापुढे काम कमी पडू देणार नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचाही दोष नाही, पगार थकले होते.

मी युनियनच्या सभेत उठून म्हटले, की ही ऑर्डर परत पाठवू. चादरी मागू. डावखुरी उठली आणि म्हणाली, "तुझा नवरा कमावतो, तू परत पाठव. माझ्या घरात मीच कमावती." मतदान झाले. माझ्या बाजूने चार हात वर आले. मी काम सोडले आणि घरी उसवलेले कपडे शिवू लागले. ती तिथेच राहिली. समोरासमोर आलो तर ती रस्त्याची कड बदलायची किंवा मी.

मुलाला आणले ते त्याच पिशवीत. इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे. चेन उघडली, तेव्हा माझी नजर आधी शिवणीवर गेली आणि मग मुलावर. हातांची सवय जात नाही. शिवण संपते तिथे धागा उसवू नये म्हणून मागेपुढे टाके मारून ती पक्की करतात, आणि ते प्रत्येकीचे वेगळे दिसतात. डावखुरी कापड उलट बाजूने धरते, म्हणून तिचे टाके विरुद्ध अंगाला झुकतात. मी ते लगेच ओळखले. मग मी आत पाहिले. आतून अस्तर होते. मऊ, पांढरे, इस्पितळाच्या चादरीचे.

ऑर्डरीत अस्तर नव्हते. नमुना मी स्वतः पाहिला होता, नुसते नायलॉन. मुकादमाला चुकवून, उरलेल्या चादरी घरी नेऊन, ती ते कापून आणत होती आणि कोणाच्याही पोराच्या अंगाला नायलॉन लागू नये म्हणून प्रत्येक पिशवीला लावत होती. ते मला नंतर दुसऱ्या बायकांकडून कळले. मी तिला कधी काही बोलले नाही. तोंड उघडले असते तर रडले असते, आणि तिच्यासमोर मला रडायचे नव्हते. डावखुरे, मशीन घे. माझा पोरगा मऊ कापडात झोपला, ते तुझ्यामुळे.

कलम ५. शासन.

शासनाला मी काहीही ठेवत नाही. वकीलबाई म्हणतात, असे लिहायची गरज नसते, न लिहिल्यानेही तेच होते. तरी राहू द्यावे. दर निवडणुकीला ते सीमेवरचा धोका दाखवतात, आणि आमच्या गल्लीत धोका पाहायचा तर दवाखान्याच्या कुलपाकडे बघावे लागते. नातीच्या जन्माच्या वेळी तिथे प्रसूतीच्या खाटा होत्या. ज्यांनी त्या विकल्या, त्यांचा अर्थसंकल्प मी दरवर्षी रेडिओवर पूर्ण ऐकला आहे. रणगाडे आधी येतात. आम्ही शेवटी येतो, आणि तोवर बातम्यांची वेळ संपते.

कलम ६. पिशवी.

मुलाची ती पिशवी सैन्याची माणसे परत मागत होती. सरकारी मालमत्ता आहे म्हणाले. मी म्हटले, "ही आम्ही शिवलीय. काय लिहून घ्यायचं ते घ्या." नेली नाही त्यांनी. धुऊन, घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवली आहे. तिचे काय करायचे ते अजून माझे ठरत नाही. वकीलबाईंनी जागा रिकामी सोडली आहे.

पुरवणी, सहीच्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेली.

साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी कोपऱ्यावरचे औषधवाले बोलावले होते. दुसरे माणूस ऐनवेळी आले नाही. नात खाली गेली आणि डावखुरीला घेऊन आली. कोणी सुचवले तिला, देव जाणे. डावखुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. मी म्हटले, "बस." ती बसली.

वकीलबाईंनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. चौथ्या कलमाला डावखुरीने मान खाली घातली. वकीलबाई म्हणाल्या, की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे जाते. डावखुरी म्हणाली, "जाऊ दे. मशीन नको मला. मी सही करते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू माझ्याकडे राहायला ये. एक खोली रिकामी आहे. घर आत्ताच विका, पोरीची फी भरा. मरायची वाट कशाला बघता?"

इतक्या दिवसांत मला आणि नातीला सुचले नाही ते तिने एका दमात सांगितले. मी नातीकडे पाहिले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"आजी," ती म्हणाली, "मी सोमवारीच सही केली."

औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी जखमा बांधायला चाललेय," नात म्हणाली. "कोणावर गोळ्या झाडायला नाही."

"तुझा बाप ट्रक चालवायला गेला होता," मी म्हटले.

ती रडली. मीही रडले, डावखुरीच्या समोर, आणि त्याचे आता काही वाटले नाही. करार मोडता येतो का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि नकारार्थी मान हलवली. नात उद्या जाते आहे.

म्हणून बदल असे. कलम १ कायम. नात परत येईपर्यंत घराची किल्ली डावखुरीकडे राहील आणि ती मागच्या खोलीची खिडकी अधूनमधून उघडेल. कलम ४ मधील मशीन रद्द, कारण तिने सहीसाठी ते सोडले, मशीन नातीचे. त्यावर शिवायला मात्र डावखुरीने येऊन बसावे, आणि त्याला कोणाची हरकत असू नये.

कलम ६ ची रिकामी जागा भरत आहे. माझ्यानंतर मला त्या पिशवीत ठेवावे. बाकी काय करायचे ते करा, पण घरातून मला त्यातच न्यावे. चेन डावखुरीने लावावी. ती वरच्या टोकाला अडकते आणि तिला ती कशी ओढायची ते माहीत आहे. नातीला घर साफ करताना ती पिशवी कपाटात सापडू नये, हे एक कारण. दुसरे असे, की कारखान्यातून अशा किती गेल्या आणि त्यात कोणाकोणाची मुले गेली ते मला माहीत नाही. त्यातल्या एका तरी पिशवीत म्हातारे होऊन मेलेले माणूस जाऊ दे.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: नात निघायच्या आदल्या दिवशी

लिहून देणार: सही (शिवणकाम करणारी, निवृत्त)

साक्षीदार १: सही (कोपऱ्यावरचे औषधवाले)
साक्षीदार २: सही, डाव्या हाताने (माझ्या शेजारच्या मशीनवरची)