मृणालच्या दोन कमानी

इंदूर,
ता. ९ जानेवारी २०२४

ती. आईंस तृप्तीचा नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्याला हो म्हणता, म्हणून लिहून भूपेंद्रजवळ देते आहे. मृणालला दमा नाही. इतके महिने वाफ दिली ती त्यामुळेच लागू पडली नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची एकच कमान असते, हिला जन्मतः दोन आहेत. दोन्हींचं मिळून श्वासनळी आणि अन्ननळीभोवती कडं झालंय. घरघर त्याची. उष्टावणाच्या दिवशी खिरीने जीव कासावीस झाला, तोही त्यामुळेच. फार थोड्या मुलांना असतं म्हणे.

झोपेत ती मान मागे टाकायची आणि आपण दोघी आळीपाळीने सरळ करायचो, सवय लागेल म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, मान मागे टाकली की तिला जरा जास्त हवा मिळायची. मी ऐकून घेतलं आणि पुढचं विचारलं.

शुक्रवारी ऑपरेशन आहे. दोनांतली बारीक कमान कापून मोकळी करणार. धोका आहे, न करण्यात जास्त आहे. सही मी केली. भूपेंद्रचा हात थरथरत होता, माझा नाही.

तुमची,
तृप्ती

राजपुरा, बऱ्हाणपूर,
ता. १० जानेवारी

चि. सौ. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

मला ऐकू येत नाही हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे, तू आणखी लिहून ठेवलंस. बरं केलंस. शाहपुराहून शेतावरचा निंबा केळीचा घड टाकून गेला. आता घरात खायला मी एकटी.

मानेचं मनाला लावून घेऊ नको. पोराची मान वाकडी दिसली तर कोणतीही बाई सरळच करणार. कापायचं म्हणतात तर कापू दे. पण तू जेवलीस का, ते पत्रात कुठेच नाही. माझ्या पोराचा हात थरथरतो आणि तुझा थरथरत नाही, तर मला तुझीच जास्त फिकर वाटते.

तुझी सासू,
धुरपदाबाई

इंदूर,
ता. १५ जानेवारी

ती. आईंस सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं. डावीकडच्या बरगड्यांमधून केलं, कडं सुटलं. घरघर अजून आहे. श्वासनळी एवढे दिवस दाबलेली होती, ती ताठ व्हायला काही महिने लागतील. आज संक्रांत आहे हे नर्सने तिळाची वडी हातावर ठेवली तेव्हा कळलं.

काल तिला दूध पाजलं. न थांबता, न ठसकता प्यायली. भूपेंद्र भिंतीकडे तोंड करून रडले. आई, मला काहीच वाटलं नाही. तिला उचलते, पुसते, औषध देते, पण दुसऱ्या कुणाची मुलगी सांभाळावी तसं. भीतीसुद्धा वाटत नाही. वाटायला हवी एवढं फक्त कळतं. हे भूपेंद्रला सांगितलेलं नाही, म्हणून पाकीट चिकटवून देते आहे.

तृप्ती

राजपुरा, बऱ्हाणपूर,
ता. १६ जानेवारी

चि. तृप्तीस आशीर्वाद.

पाकीट भूपेंद्रसमोर फोडलं नाही. काय लिहिलंय विचारत होता, तिळाच्या वडीचं सांगितलं.

अगं, जन्मल्यापासून रात्रंदिवस तू त्या घरघरीला कान लावून बसलीस. माझे कान गेलेले, म्हणून दोघींचं ऐकणं तू एकटीने केलंस. हात फार वेळ अंगाखाली दबला की बधिर होतो, म्हणून तो गेला असं कोणी म्हणत नाही. वाटेल तुला. उद्या वाटेल, नाहीतर होळीला. डॉक्टरबाईंच्या कानावर मात्र घाल, लाजू नको. मृणालला दूध वेळेवर मिळतंय, तिची काही तक्रार नाही.

भूपेंद्र आज पुढे येतोय. घराची किल्ली शेजारी देऊन मी उद्याच्या बसने निघते. घरघर मला ऐकू येणार नाही, पण पाठीवर हात ठेवला की श्वास कळतो. तू खुशाल बाहेर जाऊन झोप. तुला काही वाटेपर्यंत तिची आई मी.

लोभ आहेच, बाकी समोर बसून.

धुरपदाबाई