हात हलला तरी फोटो हलत नाही

माय,

गेल्याच्या गेल्या रविवारी मी जळगावला कॅमेरा बघायला गेले होते आणि घाबरून रिकाम्या हाताने परत आले. तू म्हणशील, कॅमेऱ्याला काय घाबरायचं, तो काय चावतो का? चावला असता तर बरं झालं असतं. इंजेक्शन घेऊन मोकळी झाले असते.

आधीपासून सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. मी येत्या उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त होणार. धुळ्याला देवपुरात आमच्या शाळेतल्या चार-पाच जणी रविवारी सकाळी नकाणे तलावावर पक्षी बघायला जातो. हसू नकोस. तुझ्या माहेरच्यांचा जन्म ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेला आणि तुझी पोरगी डबा बांधून पाखरं बघायला जाते, हे मलाही कळतं. पण मला त्यात फार बरं वाटतं. अडचण एकच, फोनमध्ये बगळा काढला की पाण्यात तांदळाचा दाणा पडलाय असं दिसतं. बाकीच्या जणी विचारतात, "मॅडम, हा ठिपका कोणता पक्षी?" म्हणून ठरवलं, आता स्वतःचा कॅमेरा घ्यायचा. तुझी नात जळगावला बँकेत आहे, तिने तिथला एक दुकानदार शोधून ठेवला होता. त्याच्याकडे दोन होते. एक मोठा, डीएसएलआर म्हणतात तो, जुना, कुणीतरी वापरून विकलेला, त्याला हातभर लेन्स. त्याला डोळा लावला की समोरचं जसंच्या तसं दिसतं. दुसरा छोटा, सुपरझूम. बटण दाबलं की त्याचं नळकांडं पुढे पुढे येतं आणि तलावाच्या त्या काठावरचं पाखरू आपल्या मांडीवर येऊन बसतं. तुझ्या नातीचं म्हणणं, मोठा घे, फोटो चांगले येतात, छोट्याला उजेड कमी झाला की दिसत नाही. तुझ्या जावयाचं म्हणणं, छोटा घे, पिशवीत मावेल, मोठा घेशील तर शेवटी मलाच उचलायला लावशील. मी म्हटलं, दोन्ही हातात धरून बघते. तिथेच चुकलं.

त्या दिवशी नातीला कसलंसं काम निघालं म्हणून मी एकटीच दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. मोठा कॅमेरा माझ्या हातात देऊन मला बाहेर ओट्यावर घेऊन आला. रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी, तिच्या कठड्यावर घार बसलेली. "ती बघा, मॅडम, तिला धरा." मी डोळा लावला. माय, घार नाचत होती. नुसती थरथर. कठडा, आभाळ, घार, सगळं. मी कॅमेरा घट्ट धरला तर जास्तच. मी खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर ती बया मान वाकडी करून निवांत बसलेली. दुकानदार म्हणाला, "लांबच्या लेन्सला सगळ्यांचंच हलतं, मॅडम. ही जुनी लेन्स आहे, हिच्यात थरथर थांबवायची सोय नाही. कोपरं बरगडीला चिकटवा, श्वास अर्धा सोडा आणि मग दाबा." आणि मग माझ्याकडे बघून हसला. "अरे वा, तुमची तर आधीच चिकटवलेली आहेत. आधी कुठे शिकलात का?"

मी खाली बघितलं. दोन्ही कोपरं बरगडीला लागलेली. मी लावली नव्हती गं, आपोआप लागली होती. आणि मला एकदम पाचोऱ्याचं आपलं बांगड्यांचं दुकान दिसलं, तू पाटावर बसलेली आहेस, समोर गिऱ्हाईक बाई हात पुढे करून बसली आहे, आणि तुझं उजवं कोपर बरगडीला असं दाबलेलं आहे की पोलक्यावर तिथे घामाचा डाग पडलाय. आबा गल्ल्यावर असायचे, त्यांना ते दिसायचं नाही. मी बाजूला बसून बांगड्या रंगारंगाने दोऱ्यात ओवायचे, मला दिसायचं. आधी तू तशी बसत नव्हतीस. आधी तुझे दोन्ही हात मोकळे असायचे, बाईशी गप्पा मारता मारता तिच्या अंगठ्याचं हाड आत दाबून तू बांगडी अशी चढवायचीस की तिला कळायचंसुद्धा नाही. मग कधीतरी ते कोपर बरगडीला जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणून गेले, "माय, तुना हात हालस." तू अशी गर्रकन वळलीस माझ्याकडे. "मना हात नही हालस! तुना डोया हालतस!" माझेच डोळे हलतात म्हणे, बायका खदाखदा हसल्या. मी पण हसले, कारण त्या हसल्या. मग संध्याकाळी चुलीपुढे वांगी भाजताना तू माझ्याशी बोलली नाहीस. भरीत नेहमीसारखंच झालं होतं, पण मला घास जाईना.

आणि मग ती नवरी. पाटलांच्या घरची, हिरवा चुडा भरायला बारा जणींना घेऊन आलेली. तिचा हात मऊ, लहान पोरीसारखा, तुला काहीच अवघड नव्हतं. पहिली बांगडी पिचली. तू हसलीस, दुसरी घेतलीस, तीही. तिसरीने तिच्या मनगटाला ओरखडा काढला आणि रक्ताचा एक थेंब आला. अशा वेळी बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण त्या दिवशी कुणी तेवढंही म्हटलं नाही. नवरीची आत्या हळूच म्हणाली, "हाई काय व माय!" तू बोललीस, "आजकाल काच कच्ची येस."  चुडा मग आबांनी गल्ल्यावरून उठून भरला. त्यांना काही सवय नव्हती, त्यांचा घाम टपटप पडत होता. त्यानंतर लग्नाच्या बायका आपल्याकडे यायच्या बंद झाल्या.

मी दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, जड आहे हा." तो म्हणाला, "मग हा छोटा बघा, याच्यात सोय आहे. हात हलला तरी फोटो हलत नाही." सहज म्हणाला तो. कॅमेऱ्याचा गुण सांगत होता बिचारा.  मी छोटा हातात घेतला, घारीवर धरला, बटण अर्धं दाबलं. आणि माय, सगळं थांबलं. घार आपली गपकन जागेवर. असं वाटलं, कुणीतरी मागून येऊन माझे हात धरले. मला तो कॅमेरा इतका हवासा वाटला की मी तो पटकन त्याच्या हातात परत दिला. विचार करून सांगते म्हटलं आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत हात पदराखाली घेऊन बसले. बसमध्ये माझ्या हातांकडे कोण बघतंय? पण बसले.

मग तो आठवडा कसा काढला ते मला विचारू नकोस. हात नुसता मांडीवर ठेवला तर दगडासारखा स्थिर. चहाचा कप उचलला की बशीवर किणकिण. तुझ्या जावयाला वाटतं मला अलीकडे ग्लासातून चहा आवडतो. वर्गात फळ्यावर आकृती काढताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रेघ वाकडी आली." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "खडू ओला आहे." आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ, कारण मला काच कच्ची येस ऐकू आलं. डॉक्टरकडे का गेले नाही म्हणशील. तू गेली होतीस का? आबा म्हणायचे अशक्तपणा आहे, खारीक-खोबरं खा. माझी आत्या म्हणायची नजर लागली. तुझ्या दुखण्याला कुणी नावच दिलं नाही, म्हणून माझ्या भीतीलाही नाव नाही, ती आपली घरभर मोकाट फिरते. मला मरणाची भीती नाही वाटत. मला तुझ्या शेवटच्या वर्षांची भीती वाटते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तू भिंतीकडे तोंड करून जेवायचीस, वाटीला तोंड लावून, म्हणजे घास सांडलेला कुणाला दिसू नये. मी माहेरी आले की तुला भरवायला बसायचे, तर तू तोंड घट्ट मिटून घ्यायचीस. मला त्या भिंतीची भीती वाटते, माय.

आणि माझ्या लग्नाचं. सगळ्या पाचोऱ्याच्या पोरींना तू चुडे भरलेस आणि माझा चुडा भरायला चाळीसगावहून दुसरी बाई बोलावलीस. मी रुसले होते. तू म्हणालीस, "मायनी चुडा भराना नही, रीत शे." मला खरंच वाटलं की रीत आहे. मी ती कित्येक वर्षं लोकांना सांगितली. मग एकदा देवपुरातल्या कासारीणबाईंना त्यांच्या स्वतःच्या लेकीचा चुडा भरताना मी पाहिलं आणि म्हटलं, अहो, आईने भरायचा नसतो ना? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. अशी रीत कुठेच नाही. ती तू त्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून तयार केली होतीस.

परवाच्या रविवारी पुन्हा दुकानात गेले, या वेळी नातीला घेऊन. घेऊन म्हणजे काय, तीच मला घेऊन गेली. तिचं मोठ्याचंच लावलेलं, "आई, एकदाच घ्यायचा तर चांगला घे." मी म्हटलं, जड आहे. म्हणाली, होईल सवय. मी म्हटलं, आपल्याकडे केवढी धूळ, लेन्स बदलताना आत जाईल. म्हणाली, एकच तर लेन्स आहे. मी म्हटलं, मान दुखते. तेव्हा तिने मोठा कॅमेरा स्वतःच उचलला, "थांब, मी दाखवते," आणि ओट्यावर जाऊन टाकीकडे धरला. घार होती की नव्हती मला माहीत नाही. मी तिचा हात बघत होते. श्वास धरून, तिचं मनगट, तिची बोटं, लेन्सचं ते लांब टोक. तिची कोपरं हवेत होती, मोकळी. टोक जरासुद्धा हललं नाही. देवा रे, मी मनात म्हटलं, ही सुटली. आणि लगेच पुढचंही कळलं, की लांबच्या लेन्सला सगळ्यांचंच हलतं हे दुकानदाराने माझं मन राखायला सांगितलं होतं.

"आता तू धर." मी धरला. दुसरं काय करणार? ती माझ्या बाजूला उभी होती, तिला आतलं काही दिसत नव्हतं, पण टोक दिसत होतं. "आई, तुझा हात हलतोय." आणि मी काय बोलले असेन सांग. डोळा न काढता, तुझ्याच आवाजात, भर रस्त्यावर, "मना हात नही हालस! तुना डोया हालतस!"

मी तिच्याशी कधी अहिराणी बोलत नाही. ती हसायला लागली. "हे काय मध्येच? कोण म्हणायचं असं?"

"माझी माय."

"कधी म्हणायची?"

खोटं सुचत होतं गं. दोन-तीन सुचली. पण हातात ते धूड होतं आणि हात इतका दुखत होता की मी खरंच बोलले. "तिचा हात हलायचा तेव्हा."

तिचं हसू थांबलं. "आजीचा हात हलायचा?" आजवर तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिला माहीत असलेली आजी बांगड्या भरणारी, गाणी म्हणणारी, आणि लवकर गेलेली. तिने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, दुकानदाराला दिला. मग तिने जे केलं त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. तिने स्वतःचा हात समोर धरला, बोटं पसरली आणि बघत राहिली. मी तो हात खसकन खाली ओढला. "वेडी आहेस का? मी बघितलाय तुझा. नाही हलत." ती म्हणाली, "म्हणून तू मला मोठा उचलू दिलास?"  दुकानदार बिचारा लेन्स पुसत उभा होता, दोन वेळा पुसून झालेली. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तो छोटा द्या. माझा हात हलतो." इतकं सोपं होतं ते म्हणणं. तो "हो, ताई," म्हणाला आणि खोका आणायला आत गेला. एवढा वेळ मॅडम होते, एकदम ताई झाले.

आता धुळ्यातल्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, नात सुट्टी काढून येणार आहे. ते काय म्हणतील याने माझं अंग आत्तापासून गार पडतं. कॅमेरा बरा आहे. काल शाळेला सुट्टी होती, नकाण्यावर जाऊन बगळा काढला, त्याचं एकेक पीस दिसतं, पाण्यावरची त्याची सावलीसुद्धा स्थिर आहे. बाकीच्या जणींनी विचारलं, छोटा का घेतला? त्यांना मी अजून वजनच सांगितलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, कुणातरी परक्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तुझा हात हलायचा हे त्याने मोठ्याने वाचलं असतं. म्हणून इथेच ठेवते. फक्त एक राहिलं. बसस्टँडवर तुझ्या नातीने माझं मनगट धरून विचारलं, "आई, कधीपासून?" मी म्हणाले, "या दिवाळीपासून." तिने मान हलवली, तिला बरं वाटलं, फार उशीर झालेला नाही असं वाटलं तिला. माय, दिवाळी नाही. तीन वर्षं झाली.