बेलचा दिवा

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. अव्वास,
तुझ्या लेकीचा, रक्षिताचा शि. सा. न., रागासकट.

मोबाइलवरचे निरोप तू अर्धेच वाचतेस, म्हणून कागदावर भांडते. शनिवारी अर्धा तास दारात उभी राहून बेल दाबत होते. तुला ऐकू येत नाही म्हणूनच ना, बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकेल अशी सोय केलीस? शेवटी शेजारच्या अमरसिंहकाकांनी मागची कडी तोडली, तर तू निवांत भाकऱ्या थापत बसलेली! तोवर माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहवत नाही. दिव्याचं भिंतीवरचं बटण बंद होतं. वीज वाचवायला, दुसरं काय!

कोल्हापूरला दर रविवारी जमणाऱ्या त्या बहिऱ्या मंडळींनी असले दिवे जोडायला शिकवलं तेवढं पुरे. तेवीस तारखेला टेम्पो घेऊन येते. वडगावचं घर बंद करायचं आणि तू पुण्याला यायचं.

लोभ आहेच, जरा ऐकतही जा.
रक्षिता

पेठ वडगाव, १० नोव्हेंबर

चि. रक्षितास,
अव्वाचे अ. उ. आ.

राग पोचला. काल कोल्हापूरला गेले होते. ही मंडळी म्हणजे काही क्लास नव्हे. ज्यानं आपल्या घरी काही जोडलं, तो नवख्यांना दाखवतो. मीही उभी राहून माझी चूक सांगितली, सवयीनं बटण बंद केलं म्हणाले. जोतिबाच्या डोंगरावरनं येणाऱ्या धोंडुबाईनं वहीत लिहून दाखवलं, की आमच्यात बी रोज ह्योच घोळ हाय, चिकटपट्टी लाव की बटनावर! सगळे हसले.

तिथं मी खोटं बोलले गं. बटण मी मुद्दाम बंद केलं होतं. दिवा बसवल्यापासून माझी नजर त्याच्यावरच. भाकरी करपली तरी वर बघायची. दिवसच्या दिवस तो लुकलुकायचा नाही, कारण कुणी यायचंच नाही. जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून एकदाचा बंद करून टाकला.

आता पट्टी लावलीय. बुधवारी चार नवखी माणसं माझी जोडणी बघायला घरी येणार आहेत. पुण्यात माझ्याकडं कोण शिकायला येईल? टेम्पो आणू नकोस.

रागाबरोबर मायाही असू दे.
तुझी अव्वा

पुणे, १५ नोव्हेंबर

ती. अव्वास,
शि. सा. न.

पत्र वाचून ऑफिसातच रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा आले, आणि लगेच तुला हलवायचं ठरवलं. माझं चुकलं.

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. तेवीसला एकटीच थेट कोल्हापूरला येते आणि नवख्यांत बसते. माझ्या घरीही तुझ्यासाठी तसा दिवा हवा. तो कसा जोडायचा ते तूच शिकव. संध्याकाळी तुझ्याबरोबर वडगावला येते. चार दिवसांची रजा टाकलीय.

तुझीच,
रक्षिता