शुक्रवारची कॉफी

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून मी तुम्हाला पत्र लिहितेय हे बिशरला कळलं, तर माझा हा भाऊ आठवडाभर माझी टिंगल करील. तुम्ही चौकात मनकला खेळायला गेला आहात, माझी पोर जूद लमावहिनीबरोबर शेंगा सोलत बसली आहे, आणि मी तुमच्या खोलीत, तुमच्याच टेबलाशी बसलेय. समोरासमोर बोलायला गेलं की आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवता आणि मी चहा करायचं निमित्त काढून आत जाते. पत्राचं बरं असतं, ते मधेच उठून आत जात नाही.

काल तुम्ही दारातूनच सांगितलंत, "शुक्रवारी नमाजानंतर सुहैबकडची जाहा यायची आहे. दिवाणखाना आवरून ठेवा." वहिनीला सांगितलंत. मी तिच्या शेजारीच उभी होते, बाबा. माझाच नवरा, मलाच न्यायला मध्यस्थीची वडीलधारी माणसं पाठवतोय, आणि मी तिथे हातात झाडू घेऊन! वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी झाडू तिच्या हातात दिला आणि गच्चीवर गेले.

काय होणार ते मला पाठ आहे. गावाचे तंटे मिटवणारे हाजी मुफ्लिह पुढे असतील, अंगावरचा सोनेरी काठाचा झगा सावरत. मागे सुहैबचे काका, मामा, गल्लीतली चार वजनदार माणसं. सुहैब सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या खुर्चीवर, मान खाली घालून. हाजीसाहेब आपल्या आजोबांची आठवण काढतील, दोन घरांचं नातं वर्णन करतील, मागणं मान्य होईपर्यंत प्यायची नाही या रीतीनं हातातला प्याला न पिता खाली ठेवतील. मग तुम्ही म्हणाल, "घ्या, कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं." सगळे प्याले एकदम उचलले जातील, आणि मी आत जाऊन जूदचे कपडे भरायला लागायचं. त्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत.

मी आले त्या दिवशी तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. "घर तुझंच आहे," म्हणालात आणि माझी बॅग स्वतः उचलून वर नेलीत. त्याबद्दल मी तुमचे पाय धरीन. पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून बाकीच्या गावानं विचारायचं काम अंगावर घेतलं. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरी कुणी आहे? नाही. घरात काही कमी पडू देतो? तेही नाही. परवा शेजारच्या उम्म फारिस माझ्या औषधाच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "मग काय सुख बोचतंय का तुला, हदील?" मी त्यांना त्यांच्या गुडघेदुखीचं मलम बांधून दिलं. दुकानात उभं राहून काय सांगणार?

तुम्हाला सांगते. तो बोलत नाही. रागावला की बोलणं बंद, आणि ते आठवडेच्या आठवडे. कारण काहीही असतं. त्याच्या आईसमोर मी चुकीच्या ठिकाणी हसले, मकलूब्याचा भात पातेल्यातून उलटताना फुटला, काहीही. घरात वावरतो, जेवतो, बाहेर लोकांशी हसून बोलतो, पण माझ्यावरून नजर अशी नेतो जशी भिंतीवरून न्यावी. काही हवं असलं की, "जूद, आईला सांग निळा शर्ट इस्त्री कर." मी समोर असते. सुरुवातीला मी रडायचे, मग माफी मागायचे, कशाची ते कळत नसलं तरी. नंतर नंतर दुकानातून घरी जायची वेळ आली की मी उगाच औषधांची कपाटं पुन्हा लावत बसायचे.

मी औषधाच्या दुकानात इतकी वर्षं उभी आहे. झोपेच्या नि मनाच्या गोळ्या घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आत्यासाठी घेतोय असं सांगतो. सॉल्ट गावात इतक्या आजारी आत्या आहेत की त्यांचं वेगळं गाव वसवावं. मी मनातल्या मनात हसायचे. आणि अम्मानच्या एका मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा तोंडातून काय निघावं? "माझ्या एका मैत्रिणीला त्रास आहे." ते डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी वरही पाहिलं नाही. मैत्रिणीसाठी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आले तर तिथल्या बाईनं भरल्या खोलीत माझं नाव आडनावासकट पुकारलं, "तुमचा रुमाल राहिलाय!" त्या खोलीत सुहैबच्या मावशीची जाऊ बसली होती. रात्रीच्या जेवणाआधी सुहैबला कळलं. तो काही बोलला नाही, अर्थातच. दुसऱ्या दिवशी जूदनं विचारलं, "आई, तू वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस?"

मग मी फोनच्या पडद्यावर भेटून सल्ला देणारी एक बाई शोधली. परदेशात राहणारी, आपलीच भाषा बोलणारी. पाठीमागे सुंदर झाडं, आवाज मधाळ. मी सांगता सांगता अजून लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच पोचले होते तर म्हणाली, "हदील, तू स्वतःला निवड. सोडून दे त्याला." अहो, मी पंधरा मिनिटं आधी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं! मला सुहैबला सोडायचं असतं तर मी वकील शोधला असता. तो माणूस जूद तापली तेव्हा रात्रभर तिच्या पायाशी बसला होता, आणि माझ्या पायांवरही त्यानं न बोलता पांघरूण घातलं होतं. मला तो माणूस हवाय, बोलता. हे त्या बाईला न सांगताच मी पडदा बंद केला.

त्यानंतर ते मांजराचं झालं. एका संध्याकाळी मी जूदला दुसरं आईस्क्रीम नाही म्हणाले. तिनं आदळआपट केली नाही. मान वळवली, खिडकीतल्या मांजराजवळ गेली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आईला सांग, मी तिच्याशी बोलत नाहीये." सहा वर्षांची पोर, बाबा. झोपायला गेली तरी बोलली नाही. सकाळी दूधही मांजरामार्फत मागितलं. मी त्याच दिवशी बॅग भरली. गावाला वाटतं मी नवऱ्यावर रुसून आले. मी माझी मुलगी घेऊन पळाले.

इथे आल्यावर मी मनाच्याच आणखी एका डॉक्टरांकडे, डॉ. इनआमबाईंकडे गेले. वयस्कर, प्रेमळ, भिंतीवर केवढी प्रशस्तिपत्रं. बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "तू कुणाच्या घरची ग?" आणि मी मूर्खासारखं सगळं सांगितलं; माहेर, सासर, आजोळ. आपल्याकडे हे विचारल्यावर कोण सांगत नाही? त्यांचा चेहरा उजळला. त्या माझ्या सासूबाईंच्या वर्गात होत्या! पुढचा सगळा वेळ त्या मला सांगत राहिल्या की ते घर किती चांगलं आहे, सुहैब लहानपणीही कसा शांत होता. निघताना त्यांनी माझे हात हातात घेतले. "पोरी, काळजी करू नकोस. हे मी मार्गी लावते." मला वाटलं उपचाराबद्दल बोलताहेत. त्यांनी हाजी मुफ्लिहना फोन केला, बाबा. मी त्या खोलीत रडून जे सांगितलं त्यातलं किती त्यांनी फोनवर सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. शुक्रवारची जाहा सुहैबच्या मनातून आलेली नाही. ती इनआमबाईंच्या चांगुलपणातून आली आहे. त्यांना आजही वाटत असेल की त्यांनी पुण्याचं काम केलं. माझा इतका संताप झाला होता की बसमध्ये माझा थांबा मागे गेला तरी मला कळलं नाही.

आता मंगळवारबद्दल. दर मंगळवारी मी दात दाखवायला अम्मानला जाते असं सांगत आले. गेल्या खेपेला तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "एवढे दात कुठून आणतेस?" तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय. मी सतनायबाईंकडे जाते, मनातलं बोलून उपचार घ्यायला. चेर्केस समाजाच्या, आपल्या गोताबाहेरच्या आहेत, लुवेब्देच्या चढावर एका जुन्या इमारतीत बसतात, जिन्यात कायम कुणाच्या तरी कांद्याचा वास. पहिल्याच दिवशी मी सवयीनं आडनाव सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "ते नको. आडनाव कळलं की तुमचे काका-मामा माझ्या डोक्यात येऊन बसतात, आणि माझी खोली लहान आहे." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला चालते का ते आधी बघा. दोन-तीनदा या. नाही पटलं तर तसं सांगा, मीच दुसरं नाव सुचवीन. मला राग येणार नाही." मला राग येणार नाही! बाबा, मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले.

गेल्या मंगळवारी त्यांनी सहज विचारलं, "जूद निरोप पोचवते. तुमच्या लहानपणी तुमच्या घरी कोण पोचवायचं?" मी हसले. मग मला हसता येईना.

मी पोचवायचे. "आईला सांग, मीठ जास्त झालंय." "बाबांना सांग, मग उद्यापासून स्वतः घालून घ्या." तुम्ही दोघं एकाच टेबलाशी, आणि मी मधल्या खुर्चीवर. तुम्हाला हे माहीत नसेल, पण मी निरोप बदलायचे. तुम्ही म्हणायचात, "सांग तिला, मला जेवायचं नाही," आणि मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायचे, "बाबा म्हणतात पोट भरलंय, पण छान झालं होतं." आईला खोटं कळायचं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. आणि बाबा, मध्यंतरी जूद माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाबा म्हणतात तू आज सुंदर दिसतेस." सुहैबनं असं काही म्हटलं नव्हतं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. ते डोळे मी ओळखते.

आई एकदा बिशरला नि मला घेऊन तिच्या माहेरी, आजोबांकडे निघून गेली होती, आठवतं? तेव्हाही जाहा आली. आजोबांनी आत येऊन तिला काही विचारलं नाही, बैठकीतूनच म्हणाले, "कॉफी घ्या." पुढे बऱ्याच वर्षांनी द्राक्षाच्या पानात भात भरता भरता आई मला म्हणाली, "सगळे किती सुंदर बोलले ग त्या दिवशी. ज्यानं बोलायचं तो सोडून." रागानं नाही म्हणाली. पुढचं पान उचललं नि कामाला लागली.

मी हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाहीये. पण मला राग आहे, बाबा, तो लपवून तुम्हाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही. आणि दवाखान्यात आईच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही तिच्या उशाशी बसून आख्खं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचात, छोट्या जाहिरातींसकट, हेही मी विसरलेले नाही. आई मला डोळा मारून म्हणाली होती, "बघ, आता थांबतच नाहीत." ती किती खूश होती. तिला ते इतक्या उशिरा मिळालं याचं मला अजून वाईट वाटतं.

सतनायबाई म्हणतात, सुहैब आला तर त्या आम्हा दोघांना एकत्र बसवतील. मी त्याला फोनवर लिहिलं. त्यानं वाचलं, उत्तर नाही. मग बिशरकरवी निरोप आला की तो वेडा नाही आणि घरातलं बाहेर सांगणाऱ्यातला पुरुष नाही. मात्र हाजी मुफ्लिहसकट पंधरा माणसं घेऊन यायला त्याची हरकत नाही. तिथे त्याला तोंड उघडावं लागणार नाही ना.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी हाजीसाहेबांनी प्याला खाली ठेवला की तो तिथेच राहू द्या, बाबा. "घ्या" म्हणू नका. एवढंच म्हणा, की ज्याचं मागणं आहे त्यानं मागावं. सुहैबला दाराजवळून उठवा आणि मला आतून हाक मारा. बायकोला बैठकीत बोलावत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी मारा. त्यानं माझ्याकडे बघून, स्वतःच्या तोंडानं सांगू दे की येत्या मंगळवारी तो माझ्याबरोबर येईल. सतनायबाई त्याला पटल्या नाहीत तर दुसरं कुणी शोधू, शोधायची मला आता सवय झालीय. त्यानं हे म्हटलं तर मी त्याच संध्याकाळी घरी जाईन. नाही म्हणाला तर मी आणि जूद इथेच. बिशरच्या बापानं, अबू बिशरनं, पाहुण्यांची कॉफी थंड केली, असं गाव बोलेल. तुमच्यासाठी ही लहान गोष्ट नाही, म्हणूनच दुसऱ्या कुणाकडे मागत नाही. तुमचा होकार असो की नकार, वहिनीकडून कळवू नका, जूदकडून तर नकोच नको. मी स्वयंपाकघरात असेन, आत येऊन मला सांगा. शुक्रवारी कॉफी मीच करणार आहे. थंड झाली तर पुन्हा करीन.

तुमचीच, आता निरोप न बदलणारी,
हदील