रंधा मशीनचं मेण आणि बावीस दारं

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण तिसरी, तीही अर्धी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळेही आहेत, सुईत दोरा मीच ओवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही, आणि कुणी आणलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वकीलसाहेबांनी मसुदा दिला होता. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, म्हणून कळलं तेवढंच ठेवलं. आजवर तोंडी कुणाला काही कबूल केलं असेल तर ते रद्द.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सुनेला. मुलाच्या नावे नाही, सुनेच्याच. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेत असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा, उरेल ते नातीला. रडायला माणसं गोळा करू नयेत.

३. धाकट्या दिरानं आमचा लोखंडी क्लॅम्प दोन दिवसांसाठी म्हणून नेला आणि अकरा वर्षांनी वाकडा करून आणून दिला. तो त्यालाच.

४. आता कारखान्याचं. आमच्या ह्यांनी करवत मशीन आणि रंधा मशीन जुनं घेतलं, तेव्हा दोन्हींचे पाट गंजून तांबडे झालेले. पाट म्हणजे लाकूड ज्यावरून सरकवतात तो मशीनचा सपाट भाग, बिडाचा. दमट हवा लागली, कुणी घामट हात टेकला, की गंज धरतो, लाकूड अडखळतं, आणि अडखळलेलं लाकूड बोटं खातं. ह्यांची करंगळी तशीच गेली. त्यानंतर मेण लावायचं काम मी घेतलं. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून मलमासारखं करायचं. गंज घासून, पाट कोरडा करून, चिंधीवर बोटभर घेऊन पातळ फिरवायचं. पांढुरकं होईपर्यंत थांबायचं, मग घासघासून सगळं पुसून काढायचं. नवा माणूस हमखास थापतो. पाटावर मेण दिसलं की समजावं, चुकलं. दर शनिवारी, एकेचाळीस वर्षं. कामगार मला मेणबाई म्हणायचे. मी ओरडायची, पण आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी एका शाळेची बावीस दारं आली, सागाची. शनिवारी मी मेण लावलं. आठवड्यात दारं रंधून झाली. पॉलिश चढवलं तर ते बसेना. थेंबाथेंबानं मागं सरकलं, दारभर देवीचे वण. पॉलिशवाल्यानं विचारलं, "रंध्याला काय लावलंत?" माझा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आईलाच विचार. दिसत नाही तिला आता. कुठला डबा उघडते, तिचं तिलाच ठाऊक." शाळेनं काम काढून घेतलं. त्या संध्याकाळी माझ्या कमरेची कारखान्याची किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं सोडून घेतली.

आणि मी मूर्ख, मी ते मानलं. दोन वर्षं घरातले डबे वास घेऊन उघडायची. सुनेला विचारायची, "हे मीठच ना गं?"

मग त्यानं स्कूटर विकायला काढली आणि डिकी रिकामी करायला मला सांगितलं. आत गाडी चमकवायच्या सिलिकॉनच्या पॉलिशचा डबा. त्याला गुंडाळलेली चिंधी, चिंधीत सागाचा कीस. त्या दारांखेरीज आमच्याकडे कधी साग आला नव्हता. पॉलिशवाल्याला नाव न सांगता विचारलं. म्हणाला, "अहो, सिलिकॉन पाटावरून लाकडाला लागलं की संपलं. पॉलिश धरतच नाही."

मुलापुढं डबा ठेवला.

"आई, घाई होती गं तेव्हा. फळी सरकत नव्हती. झालं गेलं, किती उगाळणार?"

"मग सांग की कामगारांना."

"आता सांगून माझं हसं करून घेऊ?"

म्हणजे माझं झालेलं चालतं. सून दारात उभी होती. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आई." घर तिला आहे ते एवढं तोंडानं म्हणाली म्हणून. मी मीठ विचारायची तेव्हाही तिला माहीत होतं, हे मी विसरलेली नाही.

५. कारखाना आणि दोन्ही मशिनं मुलाला. त्याचा हात चांगला आहे, खोटं लिहिणार नाही. पण वकीलसाहेब म्हणाले, "आजी, ज्याला मिळायचं त्याची साक्ष घेऊ नका. त्यानं सही केली की त्याचा वाटा जातो." म्हणूनच खाली तिसऱ्या साक्षीदाराची जागा ठेवली आहे. कलम चार खरं आहे असं म्हणून मुलानं तिथं सही केली, तर मशिनं सुनेची, आणि हा कागद कारखान्याच्या भिंतीवर लावावा. नाही केली, तर मशिनं त्याची, आणि कागद वकिलांच्या कपाटात राहील.

६. माझे सुती कपडे फाडून चिंध्या कराव्यात. मेण पुसायला सुतीच लागतं.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
साक्षीदार दुसरा: समोरचा शिंपी (सही)
दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे. मजकूर वाचलेला नाही.

ठिकाण: कारखान्यामागची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट, शनिवार

साक्षीदार तिसरा: मुलाला सगळं वाचून दाखवलं. मान खाली घालून ऐकलं. पेन घेतलं, टोपण काढलं. मग म्हणाला, "आई, बाहेर गिऱ्हाईक थांबलंय," आणि टोपण लावून गेला. जागा कोरी आहे. मशिनं त्याची.