रुग्णनौकेच्या कामांची यादी

ग्दान्स्क, १४ ऑक्टोबर

प्रिय बाबांना तोंकाचा नमस्कार.

मी बरी आहे. थंडी पडली, पण जाड कोट घेतलाय. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली का? शिडीवर तुम्ही चढू नका, शेजारच्या यूरेला चढू द्या.

इथे आम्ही आपल्याकडच्या बेटांसाठी रुग्णनौका आखतोय. चित्र अजून काढलेलं नाही. नौकेने कोणती कामं करायची, त्याची यादी आधी होते. इंजिन, आकार नंतर. आमचे साहेब वितोल्द म्हणाले, "रोग्याला घ्या, समुद्र ओलांडा, उतरवा. झाली यादी! आता वेगाचं बोला."

मी म्हटलं, "घ्यायचं म्हणजे कसं? धक्का वर, नौका खाली, मध्ये लाटा."

"दोरीने बांधून सोडतील की!"

"माझ्या आईला तसंच सोडलं होतं. चाळीस मिनिटं लागली."

वितोल्दनी खडू माझ्याकडे दिला. "हे काम सगळ्यात वर लिही. किती वेळात, तेही लिही."

मी लिहिलं, 'लाटा असतानाही स्ट्रेचर पाच मिनिटांत आत.' आता नौकेचा आकारसुद्धा त्यावरूनच ठरणार आहे.

बाबा, आई गेल्यापासून तुम्ही म्हणता, 'तिला दवाखान्यात नेताना माझी नौका हळू पडली.' मी त्या दिवसाची मिनिटं मांडून पाहिली. समुद्र तुम्ही पस्तीस मिनिटांत ओलांडलात. आमची नवी नौका फार तर दहा वाचवेल. उशीर धक्क्यावर झाला, तुमच्या हातून नाही. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुमचीच,
तोंका