ग्लेंडाच्या झग्यासाठी माझी तेवीस लग्नं

गिंबाल,
२७ नोव्हेंबर १९९४

प्रिय मनांग फेलिसा,

इथूनच आशीर्वादासाठी तुझा हात कपाळाला लावते. हाँगकाँगला आता थंडी पडू लागली असेल. गुडघ्याला खोबरेल चोळतेस ना? (चोळत नसशील तर खोटं लिहू नकोस, नुसतं उत्तर देऊ नकोस, मी समजेन.) इकडे सगळे देवाच्या दयेने बरे आहेत. तुझे यजमान मनोंग तेबान ठणठणीत आहेत. सकाळी कोंबड्यांना आंघोळ घालतात, दुपारी त्यांना उन्हात वाळवतात, संध्याकाळी त्यांच्याशी बोलतात, आणि मग आमच्याशी बोलायला त्यांच्या अंगात त्राण उरत नाही. छपराला पावसात नवीन दोन भोकं पडली, ती बुजवली. माझी शाळा चालू आहे. यंदा तिसरीत बावन्न मुलं आहेत, त्यामुळे घरी आले की मला शांतता ऐकू येत नाही.

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, ग्लेंडाचा झगा झाला का, आणि मी "होतोय" म्हटलं, आणि लाइन कट झाली. मनांग, लाइन कट झाली नव्हती. मीच फोन ठेवला. माझ्यामागे रांगेत नऊ माणसं उभी होती आणि तुला सगळं सांगायची माझ्यात ताकद नव्हती. आता बसून लिहिते. वाचायला दोन कप कॉफी लागेल, तेव्हा मालकिणीची मुलं शाळेत गेल्यावर वाच.

तुझ्या लेकीच्या होणाऱ्या सासूला, विहीणबाईंना, तू अजून पाहिलेलं नाहीस. सालिंग त्यांचं नाव. बाजारामागे त्यांची बेकरी आहे, बोलणं कमी, नजर जास्त. त्यांचा रोडेल एकुलता एक, बोटीवर तिसरा इंजिनिअर, स्वभावाने लोण्याचा गोळा. झगा नवऱ्याकडच्यांनी करायचा ही रीत आहेच, त्यामुळे पहिल्याच बैठकीत त्यांनी आमच्यापुढे गरम पाव ठेवले आणि अटी सांगितल्या. झग्यावर एकही मोती नको, मोत्यांचे पुढे अश्रू होतात. खांदे उघडे नकोत, पाद्रे दारातून परत पाठवतात. आणि लग्नाच्या दिवसापर्यंत ग्लेंडाने झगा अंगावर घालायचा नाही, नुसता हातसुद्धा बाहीत घालायचा नाही, नाहीतर लग्न धड होत नाही. ग्लेंडाने अगदी नम्रपणे विचारलं, "मग तो मला बसतो की नाही, ते कसं कळणार?" विहीणबाईंनी पाव चावता चावता माझ्याकडे बघितलं. केसांपासून चपलांपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "मावशी आहे की."

माझं नशीब बघ. ग्लेंडा चोवीस वर्षांची, मी एकोणपन्नासची, आणि उंची, छाती, कंबर टेपवर तंतोतंत सारखी. तिचा फुललेला बांधा आणि माझा सुकलेला, दोन्ही एकाच आकड्यावर येऊन थांबलेत. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळच्या जीपनीने इलोइलोला जायचं, आणि जिने लग्न केलं नाही, करायचा विचारही (एक अपवाद सोडला तर, आणि त्याला तू ओळखतेस, तो आता सेबूला टायर विकतो) केला नाही, अशा मी लग्नाचे झगे घालून आरशासमोर गोल गोल फिरायचं, हा माझा उद्योग झाला.

पहिल्या दुकानातल्या बाईने माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "उशिरा का होईना, देवाने तुमच्याकडे पाहिलं." मी तिला सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दुकानातही सांगितलं. पाचव्या झग्यानंतर मी सांगणं सोडून दिलं, कारण समजावून सांगितलं की त्या जास्तच मायेने बघायच्या, जणू मी लाजून खोटं बोलतेय. नवऱ्याचं नाव विचारलं की मी रोडेल सांगायचे, आणि वय विचारलं की सत्तावीस. त्यानंतर त्या फार आदराने वागवत. एकीने हळूच विचारलं, "पहिलंच ना हे?" मी म्हटलं, "नाही, आज सकाळपासून चौथं."

त्यात एका फोटोवाल्याने "जरा उजेड बघतो, बाई" म्हणून दुकानाच्या दारात माझा फोटो काढला. पंधरा दिवसांनी तो फोटो त्याच्या काचेच्या पेटीत लागला, हातात प्लास्टिकची फुलं, तोंडावर गॅस झाल्यासारखा भाव. आणि ती काच नेमकी कुठे, तर आपल्या गावाच्या जीपनी जिथे थांबतात तिथे. सोमवारी हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर माझं अभिनंदन केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खरं सांगेपर्यंत शिक्षिकांनी वर्गणी काढून केक आणलेला होता, आणि खरं कळल्यावर तो परत न्यायचा की कापायचा यावर त्यांच्यात वाद झाला. शेवटी कापला. मला लहान तुकडा दिला.

चौदाव्या झग्याचं तर काय सांगू. तो घातला आणि पाठीची चेन मध्येच अडकली. वर जाईना, खाली येईना. दुकानातल्या दोघींनी ओढलं, ग्लेंडाने ओढलं, मी श्वास सोडून दिला आणि परत घेऊ शकले नाही. चेन दुरुस्त करणारा माणूस चौक ओलांडून पलीकडच्या गल्लीत बसतो, आणि जेवायची वेळ झाली म्हणून तो तिकडून इकडे यायला तयार नव्हता. तेव्हा भर दुपारी बाराला, मागचा सगळा घेर ग्लेंडाच्या काखेत आणि पायांत माझ्या शाळेच्या चपला, अशी मी नवरी चर्चसमोरचा चौक ओलांडत होते. जीपनीवाल्यांनी हॉर्न वाजवले. एका ट्रायसिकलवाल्याने कुठेही फुकट सोडतो म्हणून सांगितलं. मेणबत्त्या विकणारी म्हातारी मला बघून उठून उभी राहिली आणि विचारती झाली, "नवरा कुठाय गं?" ग्लेंडा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पळाला, आजी. आम्ही त्यालाच शोधतोय." म्हातारीने मला एक मेणबत्ती फुकट दिली आणि कुठल्या संतापुढे लावायची तेही सांगितलं. (तुझी मुलगी तुझ्यावर गेली आहे. माझ्यावर गेली असती तर मान खाली घालून चालली असती.)

पण मनांग, खरा त्रास चेनचा नव्हता, ग्लेंडाचा होता. ती एका स्टुलावर बसायची, मी पडद्याआडून बाहेर यायचे, आणि ती मान एका बाजूला करून म्हणायची, "बरा आहे." बरा आहे म्हणजे नको. एकाची कंबर फार वर, एकाची लेस पडद्यासारखी, एकात मी बिबिंका केकसारखी दिसते म्हणून ती हसत सुटली आणि दुकानवाली रुसली. बावीस झगे झाले. शेवटी माझी दया येऊन की काय, ती म्हणाली, बेबेतकडून शिवून घेऊ. बेबेत म्हणजे आपल्या चर्चमागचा बेनितो, तुझ्या वेळी लहान होता, आता सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या तोच शिवतो. त्याने माझी मापं घेतली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "मिस लुदिंग, तुमच्या खांद्यांना कुणी कधी न्याय दिलेला नाही." तेविसावा झगा त्याने शिवला. साधा, लांब बाह्यांचा, मोती नाही, पाद्रेंना बोलायला जागा नाही. मी बाहेर आले आणि ग्लेंडा स्टुलावरून उठली. मला वाटलं सुटले.

सुटले नव्हते. गेल्या शनिवारी झगा घरी आला. मी बाजारात गेले होते, तासाभराने परत आले तर ग्लेंडा तुझ्या खोलीतल्या आरशासमोर तो घालून उभी. "मावशी, फक्त दोन मिनिटं," म्हणाली. "तीन महिने माझा झगा मी तुझ्याच अंगावर बघतेय. मी कशी दिसते ते मला कुठे माहीत आहे?" आणि मनांग, ती इतकी चांगली दिसत होती की मला रागावताच येईना. मी मागची चेन नीट वर ओढली, तेवढ्यात दारात विहीणबाई, हातात पावाची गरम पिशवी.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तुझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी आदल्या दिवशी घातला होता. बहिणी होत्या, आम्ही खूप हसलो. लग्नाला अकरा दिवस झाले आणि तो बोटीवर गेला. रोडेल पोटात होता तेव्हा कंपनीची तार आली."

ग्लेंडा आरशाकडे पाठ करून उभी होती. विहीणबाई पुढे म्हणाल्या, "मी अडाणी नाही, पोरी. झग्याने बोट बुडत नाही हे मलाही कळतं. पण सत्तावीस वर्षं मी त्या सगळ्यात माझी चूक कुठली ते शोधते, आणि मला तेवढी एकच सापडते."

बाहेर मनोंग तेबान एका कोंबड्याला समजावत होते. मग ग्लेंडा माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मावशी, चेन काढ." झगा उतरवला, त्याची नीट घडी घातली, आणि आतल्या परकरावर विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "आई," ती त्यांना पहिल्यांदाच तसं म्हणाली, "हा गेला. आपण दुसरा बघू." विहीणबाईंनी तिचा हात धरला आणि मोठमोठ्याने रडायला लागल्या. मीही रडले. (त्या वेगळ्या कारणाने रडत होत्या. "दुसरा बघू" म्हणजे कुणाच्या अंगावर बघू, हे मला एकटीलाच कळलं होतं.)

दुसऱ्या दिवशी मी न राहवून त्यांना विचारलं, कसा झगा असला म्हणजे तुमच्या जिवाला शांती मिळेल? त्यांनी विचार करून सांगितलं, "जिचा नवरा घरी राहिला, अशा बाईचा." आपलं गाव तुला माहीत आहे. निम्मे पुरुष बोटीवर, उरलेले सौदीला. आम्ही बोटं मोजत बसलो. पण शेवटी झगा मिळाला, विहीणबाईंना पसंत पडला, आणि बेबेतने कामाला हात घातला आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस. आणखी काय लिहू. हे पत्र शेजारची नेनेथ बरोबर नेतेय, तिच्याकडे तुझ्यासाठी सुकी मासळीही दिली आहे, नीट बांधलेली आहे, तरी उघडताना खिडकी उघडी ठेव. प्रकृतीला जप. कोंबड्यांसकट सगळ्यांची आठवण.

तुझी दमलेली धाकटी बहीण,
लुदिंग

ता. क. तो झगा तुझा आहे. विहीणबाईंनी सगळ्या गावाचा विचार केला आणि म्हणाल्या, फेलिसाचा नवरा कुठेही गेला नाही, गेली ती फेलिसाच. त्यावर मनोंग तेबान म्हणाले, "मी सांगत होतोच, माझ्या घरी बसण्याचा कुणालातरी उपयोग होईल." तुझ्या पेटीची किल्ली तुझ्याकडे आहे, म्हणून त्यांनीच कुलूप फोडलं, पंचवीस वर्षांत त्यांनी उचललेलं हे पहिलंच हत्यार. अननसाच्या धाग्याचं ते कापड अजून सुरेख आहे. ताठ उभ्या बाह्यांपैकी एक झुरळांनी खाल्ली होती, म्हणून बेबेतने दोन्ही काढल्या आणि नवीन बसवल्या. कंबर चार बोटं आत घेतली. माप माझ्या अंगावरच घेतलं. बेबेतने जुनी शिवण बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तुझ्या लग्नाची तारीख विचारली. मी ग्लेंडाच्या वाढदिवसाचं काही बोलले नाही, भिंतीकडे बघत राहिले. तेव्हा हे पत्र परवानगी मागण्यासाठी आहे, पण बाह्या आता परत येणार नाहीत.

ता. क. २. तेविसावा झगा बेबेत परत घेत नाही, कारण तो माझ्या मापाचा आहे. माझ्या कपाटात टांगलेला आहे. मला तो नको आहे. बाजाराजवळच्या तेरेसिताने मागितला होता, तिला मी सांगितलं की त्याला कसर लागली आहे.

ता. क. ३. मालकिणीला जानेवारीत बाळ होणार म्हणून तुला रजा नाही, आणि ग्लेंडाने फोनवर "काही हरकत नाही, ममा" असं तुला सांगितलं. तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. ती "बरा आहे" म्हणते, त्याच आवाजात म्हणाली. तुझ्या झग्याच्या पाठीला एकतीस बारीक गुंड्या आहेत, चेन नाही. त्या दिवशी त्या कुणी लावायच्या असं बेबेतने विचारलं. मी लावते म्हटलं, विहीणबाईंनीही मी लावते म्हटलं. ग्लेंडा म्हणाली, "नको, बघू." लग्न चौदा जानेवारीला आहे, सकाळी नऊला. साडेआठपर्यंत मी तिला पाठ उघडी ठेवून बसवू शकेन.